हक्कसोडीच्या साड्यांची गोधडी : स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न मांडायला हे माध्यम पुरे पडेल का?

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका गावात महिला बचत गटाबरोबर काम करते. गटात १४ जणी आहेत. यंदा जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून विकाव्यात असे ठरले आणि प्रत्येकीने घरातले वापरात नसलेले एक लुगडे किंवा साडी आणावी, असा निरोप दिला. त्या ढिगात एक मोरपंखी साडी निघाली, जिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. इतकी नवी साडी कापायला का आणली, असे विचारल्यावर ती आणणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘ही हक्कसोडीची आहे. नेसवत नाही आणि कुणाला देववतही नाही.’ त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकेकीने सांगायला सुरुवात केली आणि १४ पैकी ९ जणींच्या पेटीत अशी साडी असल्याचे समजले.

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी थोडे सांगते. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात, त्यात बहिणींचीही लागतात आणि काही दिवसांनी भाऊ बहिणींना बोलावून घेऊन हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर, त्यांची सही घेतात. त्या दिवशी घरात गोडाचे जेवण होते, बहिणीची ओटी भरतात आणि तिला साडीचोळी देतात. आपल्यावर जबरदस्ती झाली, असे या नऊजणींपैकी एकही म्हणत नाही. माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून सही केली, असे मात्र बहुतेक जणी सांगतात.

या नऊ साड्यांची एकच गोधडी करावी, ती विकू नये आणि येत्या ८ मार्चला तालुक्याच्या कार्यक्रमात ती उभी लावावी, असे आमच्या मनात आहे. पण तीन गोष्टी मला अस्वस्थ करतात. गोधडी ही मायेची, उबेची वस्तू आहे. तिच्यावर हक्काचे बोलणे लिहिले तर ते मऊ पडेल का? असे कुठे कुणी पूर्वी केले आहे का आणि त्याचा काही उपयोग झाला का? आणि शेवटची गोष्ट अशी की बायकांची नावे त्यावर घालावीत की नाहीत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निशिगंध

मी गेली अकरा वर्षे ग्लासगोमध्ये राहते. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर याच शहरात १९१० साली एका गोधडीने दिलेले आहे, म्हणून लिहायला घेतले.

ब्रिटनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना त्या काळी तुरुंगात टाकले जात असे. आपल्याला राजकीय कैद्यांचा दर्जा मिळावा म्हणून १९०९ च्या जुलैमध्ये मॅरियन वॉलेस डनलॉप हिने तुरुंगात अन्नत्याग केला आणि मागोमाग इतर स्त्रियांनी तोच मार्ग धरला. त्यावर सरकारने त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून त्यांच्या नाकातोंडात नळी घालून जबरदस्तीने अन्न ओतायला सुरुवात केली. हे सगळे चालू असताना ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये भरतकाम शिकवणाऱ्या ॲन मॅकबेथ हिने एक गोधडी योजली. उपोषण केलेल्या ८० स्त्रियांच्या सह्या तिने तागाच्या कापडाच्या ८० तुकड्यांवर भरतकामाने उतरवून घेतल्या आणि ते तुकडे एकत्र जोडले. तिकडे लग्न होऊन किंवा गाव सोडून जाणाऱ्या मैत्रिणीला सगळ्यांच्या सह्यांची गोधडी भेट देण्याची जुनी रीत होती. मॅकबेथने त्या घरगुती रीतीचा साचा जसाच्या तसा उचलला आणि त्यात तुरुंगातली नावे बसवली.

ती गोधडी ग्लासगोतील मताधिकार संघटनेच्या प्रदर्शन-विक्रीत मांडली गेली. चळवळीच्या नेत्यांपैकी एक असलेल्या एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी ती १० पौंडांना विकत घेतली. त्यानंतर तिला काठ्या लावून तिचा ध्वज करण्यात आला आणि १८ जून १९१० रोजी लंडनमध्ये निघालेल्या मोठ्या मोर्चात तो मिरवला गेला. आज तो लंडनच्या संग्रहालयात आहे. मी तो पाहायला मुद्दाम गेले होते. जवळ उभे राहिल्यावर चळवळ, घोषणा हे सगळे मागे पडते आणि आपण नुसत्या सह्या वाचू लागतो, कारण प्रत्येक सहीचे वळण निराळे आहे.

उपयोग झाला का, असे तुम्ही विचारले आहे. मताधिकार १९१८ साली तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मिळाला आणि पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ साल उजाडले. तो या गोधडीमुळे मिळाला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या बायकांना वर्तमानपत्रे वेड्या आणि उच्छृंखल म्हणत होती, त्यांची नावे त्यांच्याच अक्षरात, घरोघरी होते त्याच भरतकामात, भर रस्त्यावर लोकांनी वाचली. गोधडीचा मऊपणा तिथे आड आला नाही. हे हात कोणाच्या घरातले आहेत, हे लोकांना न सांगता कळले ते त्या मऊपणामुळेच.

सुताडा

मी वस्त्रकला शिकवते आणि गोधडी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. निशिगंध यांनी नावे मिरवणारी गोधडी सांगितली. मी नावे लपवणारी सांगते, कारण तुमचा तिसरा प्रश्न त्या दोहोंच्या मध्ये आहे.

चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि लष्करप्रमुख पिनोचेच्या राजवटीत हजारो माणसे पकडली गेली. त्यांतली कित्येक पुन्हा कधीच दिसली नाहीत. त्यांच्या आया, बायका आणि बहिणी सांतियागोमध्ये चर्चच्या आश्रयाने एकत्र जमू लागल्या आणि गोणपाटावर चिंध्या जोडून चित्रे शिवू लागल्या. त्या चित्रांना तिकडे आर्पियेरा म्हणतात. वर आंदीज पर्वत, बहुधा एक सूर्य आणि खाली तुरुंगाचे दार, सामुदायिक स्वयंपाकाचे पातेले किंवा ‘ते कुठे आहेत?’ असा फलक धरलेल्या बायका, असे त्यांचे रूप असे. काही जणींनी बेपत्ता माणसाच्या सदऱ्याचा तुकडाच चित्रात लावला. विकारिया दे ला सोलिदारिदाद ही चर्चची संस्था १९७६ पासून ही चित्रे परदेशी पाठवून विकत असे आणि त्या पैशांवर अनेक घरांतल्या चुली पेटत असत. या चित्रांवर बहुधा सही नसे, कारण सही केली तर शिवणारीच्या जिवाला धोका होता. कधीकधी मागे एक छोटा कप्पा शिवून त्यात हकिकतीची चिठ्ठी ठेवलेली असे. त्या बायकांना शिवणकामाची वेगळी तालीम नव्हती आणि टाके ओबडधोबड होते, पण सेन्सॉरशिपच्या काळात देशाबाहेर पोहोचलेल्या साक्षींमध्ये या चिंध्यांची गणना होते.

तेव्हा नाव घालणे हे धैर्य आणि न घालणे हे भय, अशी सरळ विभागणी करू नका. ज्या बाईला उद्या त्याच भावाच्या दारात जायचे आहे, तिने नाव द्यायचे की नाही हे तिचे तिने ठरवावे आणि ठरवल्यावर गोधडी पुरी होईपर्यंत तिला ते बदलण्याचीही मोकळीक असावी. गटाने एकमताने ठराव करून सगळ्यांची नावे घालू नयेत, कारण हक्कसोडीच्या वेळीही ‘बाकीच्या बहिणींनी केली आहे, तूही कर’ असेच तिला सांगितले गेले असणार.

आपल्या देशातलेही एक उदाहरण आहे आणि ते तुम्हाला जास्त जवळचे वाटेल. बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यात भुसुरा नावाचे गाव आहे. तिथे बाळंतघरातल्या बाळासाठी जुन्या साड्यांची सुजनी शिवायची परंपरा होती, अगदी आपल्या दुपट्यासारखी. १९८८ च्या सुमारास, ती परंपरा विझत आलेली असताना, एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने तिथल्या बायकांनी तिला पुन्हा हात घातला. आधी फुले, पाने आणि पक्षी शिवले गेले. मग हुंडा, मुलींना जन्मतः मारणे, दारूमुळे मोडलेली घरे, मुलींची शाळा, निवडणुकीतली दंडेली असे विषय त्यांच्या सुईखाली येऊ लागले. आकृतीची बाह्यरेषा काळ्या किंवा तपकिरी साखळी टाक्याने काढायची आणि मधली सगळी जागा रंगीत धावदोऱ्याने भरायची, अशी त्यांची पद्धत आहे. या कामात आयुष्य घालवलेल्या निर्मला देवी यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की बाहेरून कोणी विषय नेमून दिला असता, तर दोन वर्षांत तो भिंतीवरच्या सरकारी चित्रासारखा निर्जीव झाला असता. तुमच्याकडे विषय साड्यांच्या घडीतून आपणहून निघाला आहे, तेव्हा त्याला घोषवाक्यांनी झाकून टाकू नका.

आता प्रत्यक्ष शिवण्याविषयी. या साड्या न धुतलेल्या आहेत, म्हणून त्यांचा रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधी पाहा आणि कापण्यापूर्वी त्या एकदा पाण्यातून काढा. त्यांतल्या काही नायलॉनच्या किंवा कृत्रिम रेशमाच्या असतील. तसे कापड सुईखाली सरकते आणि त्याची कड उसवते, म्हणून त्याचे तुकडे मोठे ठेवा, कड दुमडून घ्या आणि कच्चा टाका अगदी जवळजवळ घाला. साड्यांचे काठ आणि पदर कापू नका, ते शाबूत दिसू द्या; कारण साडी देणाऱ्याने दुकानात पारखलेला असतो तो काठ आणि नेसणारीने मिरवायचा असतो तो पदर. गोधडी भिंतीवर टांगायची असेल तर मागे वरच्या कडेला नळीसारखी पट्टी शिवा आणि तिच्यातून काठी घाला. खिळ्यांना टांगलेली गोधडी तिच्याच वजनाने फाटते.

आणखी एक सुचवावेसे वाटते. हक्कसोडपत्रावर कुणी सही केली असेल, कुणी अंगठा उठवला असेल. ज्यांनी सही केली, त्यांनी तीच सही मोठी करून आपल्या साडीच्या तुकड्यावर दोऱ्याने गिरवावी. ज्यांनी अंगठा दिला, त्यांनी त्याच्या रेषा धावदोऱ्याने काढाव्यात. गोधडीचा धावदोरा चौकोनाच्या कडेने आत आत वळत जातो. अंगठ्याच्या रेषाही तशाच वळतात. त्यामुळे ती आकृती गोधडीला उपरी वाटणार नाही.

इतर_अधिकार

मी वकिली करते आणि माझा बराचसा वेळ वाटणीच्या दाव्यांत जातो. सुताडा यांच्या सूचनेत एक सावधगिरी जोडते. अंगठ्याच्या रेषा हुबेहूब उतरवू नका, केवळ वळण घ्या. तसेच दस्ताची प्रत, दस्त क्रमांक किंवा जमिनीचा गट क्रमांक गोधडीवर कुठेही येऊ देऊ नका. कार्यक्रमात फोटो काढले जातात आणि फोटो गावात पोहोचायला एक दिवसही लागत नाही.

गोधडीशेजारी चार ओळी लिहून लावणार असाल तर कायदा अचूक लिहा, कारण याबाबत फार गैरसमज आहेत. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मतः हक्क महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २२ जून १९९४ पासून दिला, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. हिंदू वारसा कायद्यातील केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि तिने विवाहित-अविवाहित हा भेद काढून टाकला. वडील त्या दिवशी हयात असले पाहिजेत की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने मिटवला आणि तशी अट नाही असे स्पष्ट केले. म्हणजे तुमच्या नऊजणींनी जे सोडले ते भावाने दिलेले दान नव्हते. तो त्यांचा स्वतःचा हिस्सा होता. हे वाक्य मी अशिलांना अनेकदा सांगते आणि प्रत्येक वेळी समोरची बाई क्षणभर थांबते.

आमच्याकडे जमीन बायकांच्या नावे करण्याची एक मोठी चळवळ होऊन गेली आहे, तीही विसरू नये. शेतकरी संघटनेच्या शेतकरी महिला आघाडीचे १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला मोठे अधिवेशन भरले आणि पुढे काही वर्षांनी शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चे आवाहन केले. त्यानंतर अनेक गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. मात्र तिथे प्रश्न पत्नीचा होता. बहिणीचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण पत्नीच्या नावावर गेलेली जमीन घरातच राहते आणि बहिणीच्या नावावर राहिलेली जमीन घराबाहेर गेली असे मानले जाते.

गोधडीच्या मांडणीबद्दल एक विचार मनात आला. हक्कसोडीचा फेरफार, म्हणजे महसुली नोंदीतला बदल, मंजूर झाला की सातबाऱ्यावर बहिणीच्या नावाला कंस करतात. नाव वाचता येते, पण त्याला अर्थ उरलेला नसतो. सातबारा उघडला की मी सर्वांत आधी कंस शोधते, कारण बऱ्याच घरांची गोष्ट त्यातच असते. तुमच्या गोधडीचे चौकोन सातबाऱ्याच्या रकान्यांसारखे पाडता येतील आणि प्रत्येक सहीभोवती काळ्या दोऱ्याचा कंस शिवता येईल. महसुली कागद ज्यांच्या घरात आहे, त्यांना तो लगेच ओळखू येईल.

माणदेशी_आजी

माझे वय ७१ आहे. हे सगळे नातीकडून लिहून घेत आहे.

मी सही केली नाही. १९९६ साली वडील गेले आणि वर्षश्राद्धानंतर भावाने कागद पुढे केला, तेव्हा मी म्हटले की मला जमीन कसायची नाही, पण माझे नाव राहू दे. बस, एवढेच. त्यानंतर मला माहेरून साडी आलेली नाही. राखी मी दर वर्षी पोस्टाने पाठवते. भाऊ वाईट आहे असे मी आजही म्हणणार नाही. आईचे शेवटचे सगळे त्याने आणि वहिनीने केले, मी चार दिवस जाऊन येत होते. म्हणून माझी विनंती आहे की या गोधडीत भावाला खलनायक करू नका. तसे केले तर नऊजणींपैकी निम्म्या जणी तिच्याकडे पाहणारसुद्धा नाहीत.

पण मला विचारायचे आहे ते दुसरेच. हक्कसोडीच्या साड्यांची गोधडी म्हणजे ज्यांना साडी मिळाली त्यांची गोधडी. ज्यांना मिळाली नाही, त्यांचे काय? तुमच्या गटात १४ जणी आहेत असे तुम्ही लिहिले. उरलेल्या पाचजणी काय करणार?

निशिगंध

आजी, तुमच्या प्रश्नावरून मला अमेरिकेतील एक गोष्ट आठवली. अलाबामा राज्यातील विल्कॉक्स काउंटीमध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यानपिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या आहेत. १९६० च्या दशकात तिथल्या लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा जमीनमालकांनी अनेकांना घराबाहेर काढले आणि कामावरूनही काढले. १९६६ साली तिथल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही गोधड्यांची सहकारी संस्था काढली. पुढे त्या संस्थेने स्वतःची जमीन विकत घेतली, तिच्यावर शिवणघर उभारले आणि बेघर झालेल्या काही कुटुंबांना घरासाठी तिच्यातले तुकडेही विकले. त्या गोधड्यांवर हक्कांविषयी एक अक्षरही लिहिलेले नव्हते. म्हणून कृष्णाकाठ यांना माझे सांगणे आहे की ही एक गोधडी विकू नये हे योग्यच आहे, पण गटाच्या बाकीच्या गोधड्या चांगल्या भावाने विकल्या जातील याकडेही तितकेच लक्ष द्या आणि ते पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात जातील असे पाहा.

सुताडा

थोडेसे राहिले ते सांगते, कारण ‘मऊ पडेल का’ हा प्रश्न एका फार मोठ्या चित्रकर्तीनेही वेगळ्या अंगाने सोडवला होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय कलावतीने १९७० साली कलासंग्रहालयांत स्त्रियांना जागा मिळावी म्हणून निदर्शने केली होती. तिची आई वस्त्रे बेतणारी होती. त्या दोघींनी मिळून १९८० साली पहिली गोधडी केली. फेथला आपले आत्मचरित्र छापून हवे होते आणि प्रकाशक मिळत नव्हता. १९८३ सालापासून ती गोधडीवरच मजकूर लिहू लागली आणि तिच्या कथा भिंतीवर टांगल्या गेल्या. ज्या संग्रहालयांच्या दारात तिने निदर्शने केली होती, तसल्याच संग्रहालयांनी पुढे तिच्या गोधड्या मानाने लावल्या. २०२४ साली ती ९३ व्या वर्षी वारली. अक्षर आणि टाका एकत्र आले की गोधडी मऊ राहूनही बोलते, हे तिच्या कामात मला नेहमी दिसते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ही सगळी चर्चा मी बुधवारच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. आजींचे वाचताना मला दोनदा थांबावे लागले.

उरलेल्या पाचजणींविषयी सांगते. त्यांतल्या दोघींनी आजींप्रमाणेच सही केलेली नाही. तिघींच्या माहेरी जमीनच नव्हती. त्यांचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबले. ‘आम्हाला सोडायला काही नव्हते, तर आम्ही काय शिवायचे?’ असे त्यांतली एक म्हणाली. यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी तिनेच मार्ग काढला. गोधडीचे अस्तर या पाचजणींच्या नेसून विरलेल्या लुगड्यांचे होईल. नऊ नव्या साड्या वर आणि पाच जुनी लुगडी खाली. प्रत्येक टाका दोन्हींतून जाणार असल्यामुळे कोणाचे नाव पुढे आणि कोणाचे मागे हा प्रश्न राहत नाही, असे तिचे म्हणणे आहे. गोधडी भिंतीला टेकवून न लावता दोन काठ्यांच्या मध्ये अशी टांगायची की मागूनही पाहता येईल, असेही ठरले.

नावांचा निर्णय प्रत्येकीने घरी जाऊन दोन दिवसांनी सांगितला. नऊपैकी पाचजणी सही गिरवणार आहेत. दोघी अंगठ्याचे वळण शिवणार आहेत. त्यांतली एक आता सही करते, तरीही तिला अंगठाच हवा आहे, कारण त्या दिवशी तिने तोच दिला होता. दोघींना नाव नको आहे. त्यांच्या साडीवर फक्त कंस असेल आणि आत काहीच नसेल.

आजी, तुमचे एखादे जुने लुगडे मिळाले तर अस्तरात त्याला जागा आहे. पत्ता मी निरोपातून कळवते. सुताडा यांना एक विचारायचे राहिले. मोरपंखी साडी कृत्रिम रेशमाची आहे आणि तिच्यावर काळा दोरा अजिबात उठून दिसत नाही. त्या ताईंना कंस काळाच हवा आहे. सहापदरी दोरा घेऊन साखळी टाका घातला तर तो दिसेल का आणि त्या वजनाने कापड ओढले जाणार नाही ना, एवढे कृपया सांगावे.